तीन तालुके आत, दोन बाहेर

काही वर्षांपूर्वी झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावरचा कोलाम मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला होता. बारावी झालेली, पुढच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवं होतं. जातीचा दाखला त्याच्याकडे होता आणि त्यावर अधिकाऱ्याची सही-शिक्काही होता. पण तो दाखला खरा आहे असं सांगणारा आणखी एक दाखला लागतो, आणि त्यासाठी केलेला अर्ज त्रुटी काढून परत आला होता. त्रुटी एकच होती. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा जोडलेला नाही.

सोबत त्याचा आजोबा होता. म्हातारा बराच वेळ गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, “माह्या बापानं शाळा पायली नाही जी. तं कागद कुठून आनू? तवा पोडावर कोतवालबी येत नव्हता.”

ओळखीपाळखीच्या मुलांचे असे अर्ज मी भरून देतो, इतकाच माझा या विषयाशी संबंध. पण त्या एका तारखेपाशी अडलेली माणसं पुन्हा पुन्हा भेटत गेली, तेव्हा ती तारीख आली कुठून, हे पाहावंसं वाटलं. पाहायला लागल्यावर लक्षात आलं की या गोष्टीत एक नव्हे, दोन चुका आहेत. पहिल्या चुकीने खरी माणसं यादीबाहेर राहिली. ती चूक संसदेने २६ वर्षांनी दुरुस्त केली. आणि त्या दुरुस्तीच्या पाठोपाठ दुसरी चूक सुरू झाली, जिच्यात तो मुलगा अडकला होता.

*

संविधानाच्या ३४२व्या कलमानुसार कोणती जमात ‘अनुसूचित’ हे राष्ट्रपती जाहीर करतात. एकदा यादी जाहीर झाली की तीत नाव घालायचं किंवा काढायचं ते फक्त संसदेने. पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. आज प्रत्येक अर्जदाराला जी तारीख विचारतात, ती ही.

या यादीत जमातींच्या नावांबरोबर जागांचीही नावं होती. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. नागपूर राजधानी असलेलं ते जुनं राज्य. जिल्ह्यात तालुके पाच : यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा आणि पुसद. (झरी जामणी नावाचा तालुका तेव्हा नव्हता. हा मुलूख वणी आणि केळापूर या जुन्या तालुक्यांत मोडत असे.) यादीने यातले तीन तालुके घेतले : केळापूर, वणी आणि यवतमाळ. शेजारच्या जिल्ह्यांतही तीच तऱ्हा. अमरावतीतून फक्त मेळघाट, आणि चांद्यातून फक्त गडचिरोली आणि सिरोंचा. १९५६ साली यादी सुधारली तेव्हाही विदर्भापुरती ही हद्द कायम राहिली.

याचा अर्थ असा की मुकुटबनचा गोंड हा अनुसूचित जमातीचा, पण दारव्ह्याचा गोंड नाही. बोली तीच, देव तेच आणि सोयरीकही एकमेकांतच. दारव्ह्याची मुलगी केळापुरात दिली तर तिची मुलं यादीतली, आणि तिच्या दारव्ह्यातल्या भावाची मुलं यादीबाहेरची.

पैनगंगेच्या काठावर तर हा प्रकार आणखी विचित्र दिसतो. नदीच्या पलीकडे निजामाचं हैदराबाद राज्य होतं. झरी जामणीच्या समोरचा आदिलाबाद जिल्हा त्यातच, आणि किनवटही तेव्हा आदिलाबादमध्येच. हैदराबादच्या यादीत आंध, भिल्ल, गोंड, कोलाम, कोया, परधान, थोटी ही नावं होती आणि ती सबंध राज्याला लागू होती. तालुक्यांची अट नव्हती. म्हणजे पैनगंगेच्या त्या काठावर, किनवटला राहणारा आंध अनुसूचित जमातीचा, आणि नदी ओलांडून पुसद तालुक्यात (आजचं उमरखेड त्यातच) राहणारा त्याचा मावसभाऊ नाही. पुसद-उमरखेड भागात आंधांची वस्ती मोठी आहे. १९५६ नंतर किनवट आणि पुसद एकाच राज्यात आले, पुढे महाराष्ट्र झाला, तरी यादीतली ही सीमा हलली नाही. राज्याच्या सीमा पुसल्या गेल्या, पण त्या सीमांच्या मापाने बेतलेली यादी तशीच राहिली.

अशी चूक होते कशी? कोणी मुद्दाम केली असं मला दिसत नाही. तिच्यामागे एक समजूत होती. जो डोंगरात, जंगलात राहतो तो आदिवासी. सपाटीवर येऊन कुणब्याच्या शेजारी शेती करू लागला की तो इतरांत मिसळला, त्याला संरक्षणाची गरज उरली नाही. ही समजूत इंग्रजांच्या काळापासूनची. मेळघाट आणि चांद्याच्या जमीनदाऱ्या १९३५च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत होत्या. विल्फ्रेड ग्रिगसन या अधिकाऱ्याला मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९४० साली आदिवासींच्या पाहणीवर नेमलं होतं. त्याचा अहवाल १९४४ साली निघाला. तो आजही वाचण्यासारखा आहे. त्यात सावकार, दारू, जमिनी जाणं, वेठ यांचा ताळेबंद आहे. तो वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते : गोंडाची जमीन सर्वांत आधी जाते ती जिथे सावकार पोचला तिथे, म्हणजे सपाटीवरच. ज्याला ‘मिसळला’ म्हणून यादीबाहेर ठेवायचं, तोच सर्वांत जास्त लुटला गेलेला.

*

चूक झाली हे कळायला वेळ लागला नाही. दुरुस्त व्हायला मात्र लागला.

१९६५ साली लोकूर समितीने याद्यांची फेरतपासणी केली. जमात कोणती हे ठरवण्यासाठी आजही सांगितले जाणारे पाच निकष याच समितीचे : आदिम वैशिष्ट्यं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांच्या संपर्काचा बुजरेपणा आणि मागासलेपण. १९६७ साली दुरुस्तीचं विधेयक संसदेत आलं. अनिल कुमार चंदा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे ते गेलं. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलं. नवी लोकसभा आली, तरी आणखी पाच-सहा वर्षं गेली.

या मधल्या काळात महाराष्ट्र सरकारने एक गोष्ट केली, जिचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींच्या घशात जात होत्या, त्या थांबवायला १९७४ साली कायदे झाले. जमीन महसूल संहितेतलं ३६वं कलम कडक झालं आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचा स्वतंत्र कायदा आला. पण जमीन परत द्यायची कोणाला? संविधानाच्या यादीप्रमाणे गेलं तर दारव्हा-पुसदचा गोंड आदिवासीच नव्हता. यादी बदलण्याचा अधिकार राज्याला नाही. तेव्हा ३६व्या कलमाच्या स्पष्टीकरणात एक वाट काढली. त्याचा आशय असा : यादीतल्या जमातींचे जे लोक यादीत सांगितलेल्या भागांत राहत नाहीत, त्यांनाही या संरक्षणाची गरज आहे, सबब या कलमापुरतं त्यांना अनुसूचित जमातीचंच धरावं.

कायद्याची भाषा रुक्ष असते, पण हे वाक्य मी दोनदा वाचलं. यादी चुकली आहे असं राज्याला म्हणता येत नव्हतं. ‘यांनाही गरज आहे’ एवढंच म्हणता येत होतं, आणि त्याने ते म्हटलं. जमिनीपुरता का होईना, पण सपाटीवरचा गोंड गोंड ठरला. जमिनी परत देण्याच्या त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं, ते १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं.

शेवटी १९७६ साली, आणीबाणीच्या दिवसांत, याद्यांची दुरुस्ती करणारा १०८ क्रमांकाचा कायदा संसदेने केला. राज्यांतर्गत भागांची अट बहुतेक ठिकाणी उठली. २७ जुलै १९७७ पासून अंमल सुरू झाला. दारव्हा आणि पुसद आत आले.

पण २७ वर्षं भरून आली नाहीत. वय निघून गेलेल्यांना नोकरी मिळणार नव्हती, न मिळालेली शिष्यवृत्ती मागे जाऊन मिळत नाही, हे उघडच आहे. याहून बारीक नुकसान कागदांत झालं. त्या २७ वर्षांत दारव्ह्याच्या गोंडाला शाळेत मुलाची जमात नीट लिहून घेण्याचं काही कारणच नव्हतं. लिहून मिळणार काय? मास्तरने ‘हिंदू’ लिहिलं तर हिंदू, काहीच नाही लिहिलं तर रकाना रिकामा. पुढे जेव्हा जुने पुरावे मागायची वेळ आली, तेव्हा हेच रकाने उघडले गेले आणि ‘तुमच्या वडिलांच्या दाखल्यावर जमात नाही’ असं त्यांना ऐकवलं गेलं. आधी यादीने बाहेर ठेवलं, मग बाहेर होता याचाच पुरावा त्यांच्यावर उलटला.

*

दार उघडल्यावर काय झालं ते जनगणनेत दिसतं. १९७१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे साडेएकोणतीस लाख होती. १९८१ साली ती पावणेअठ्ठावन्न लाखांच्या आसपास गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट.

यातली बरीच वाढ म्हणजे विदर्भातली, इतकी वर्षं मोजलीच न गेलेली माणसं. पण सगळी तीच नव्हती. भागांची अट गेली तसं नामसाधर्म्याचं दार उघडलं. आडनाव सारखं, जातीच्या नावातला एखादा शब्द सारखा, आणि जिल्ह्याची अट तर आता नाही. खोटे दाखले निघू लागले. ते निघाले ही गोष्ट खरी आहे आणि तिचा फटका बसला तो अस्सल आदिवासींनाच. त्यांच्या वाट्याच्या जागा दुसऱ्यांनी घेतल्या. बोगस दाखल्यांविरुद्ध आदिवासी संघटना आणि आमदार वर्षानुवर्षं भांडले ते उगाच नव्हे. पडताळणीची मागणी आदिवासींचीच होती, हे आज पडताळणीला वैतागलेल्यांनी विसरू नये.

१९८०च्या दशकात पडताळणी समित्या आल्या. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात निकाल दिला. हिंदू कोळी असताना महादेव कोळी म्हणून दाखला घेतल्याचं ते प्रकरण होतं. त्यात न्यायालयाने पडताळणीची सबंध पद्धतच आखून दिली : समिती कोणाची असावी, दक्षता पथकाने अर्जदाराच्या मूळ गावी जाऊन काय पाहावं, काय विचारावं. देव कोणते, लग्न कसं लागतं, मयताचं काय करतात, चालीरीती काय. याला पुढे ‘आप्तभाव चाचणी’ असं नाव पडलं. महाराष्ट्राने २००० सालचा कायदा करून हे सगळं पक्कं केलं. त्या कायद्याच्या ८व्या कलमाने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला. आपण जे आहोत ते आपणच सिद्ध करायचं.

इथे दुसरी चूक सुरू होते.

आप्तभाव चाचणी कागदावर चांगली दिसते. गोंडांमध्ये देवांच्या संख्येवरून कुळं असतात : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सारख्या देवांत लग्न होत नाही. जो खरा गोंड त्याला हे माहीत असणारच, असं चाचणी धरून चालते. पण आश्रमशाळेत पहिलीपासून राहिलेल्या पोराला ते माहीत असेलच असं नाही. ज्याचा आजा कामासाठी गाव सोडून गेला त्याच्या घरात पेनपूजा (म्हणजे गोंडांच्या देवांची पूजा) होतेच असं नाही. आणि ज्याला खोटा दाखला काढायचा आहे तो हे सगळं पुस्तकातून पाठ करून येतो. रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ सालचे चार खंड मोठ्या ग्रंथालयांत सहज मिळतात. चाचणीत कोण पास होतो हे मग जमातीवर ठरत नाही, तयारीवर ठरतं.

कागदांचंही तेच. विदर्भात जुना पुरावा म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी : शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक. ज्या घरात १९५० पूर्वी कोणी शाळेत गेलं त्याच्याकडे पहिला कागद असतो. गावठाणात राहत असेल त्याच्याकडे दुसरा. कोलामांची पोडं गावापासून दूर, आणि लोक जागा बदलत राहणारे. जन्म पोडावर, मयत पोडावर. लोकूर समितीने जमातीची ओळख म्हणून ‘संपर्काचा बुजरेपणा’ सांगितला होता. म्हणजे ज्या गुणावरून तुम्ही आदिवासी ठरता, त्याच गुणामुळे तुमच्याकडे आदिवासी असल्याचा कागद नसतो. महाराष्ट्रात अति मागास, ‘आदिम’ म्हणून तीन जमाती गणल्या जातात : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. सरकार ज्यांना सर्वांत मागे राहिलेले म्हणतं, त्यांच्याकडूनच पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लेखी नोंद मागतं.

झरी जामणीत यात नदीही आडवी येते. पोडांची सोयरीक आदिलाबादशी. कोणाचा आजा पलीकडून आलेला. त्याची नोंद सापडलीच तर ती निजामाच्या राज्यातली, उर्दूत. ती वाचून घ्यायची आणि भाषांतर प्रमाणित करून आणायचं. एवढं करूनही ‘मूळ रहिवासी दुसऱ्या राज्यातले’ हा नवा प्रश्न उभा. कारण १९७६ सालच्या दुरुस्तीने तालुक्यांची भिंत पाडली, राज्यांची नाही.

*

यादीच्या शब्दांनी घातलेला गोंधळ वेगळाच. महाराष्ट्राच्या यादीत गोंड जमातीची नोंद म्हणजे नावांची एक लांब रांग आहे. त्या रांगेत ‘माना’ हे नाव आहे आणि ‘गोंड गोवारी’ हेही आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मानांना सांगितलं गेलं की तुमचं नाव गोंडांच्या रांगेत आहे, तेव्हा तुम्ही गोंडांची पोटजमात आहात हे सिद्ध करा. माना म्हणत, आम्ही गोंड नाहीच, आम्ही माना आहोत. खरं बोलावं तर अर्ज जाई. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका रांगेत लिहिलं म्हणून माना गोंडांची पोटजात होत नाही, ती स्वतंत्र जमात आहे आणि यादीत आहे. एक चूक सुटली.

गोवारींची सुटली नाही. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, ‘गोवारी’ नाही. गाई राखणारे गोवारी म्हणत की हे आम्हीच. १९८५ सालच्या शासन निर्णयाने सांगितलं की तुम्ही ते नव्हे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन सुरू असताना, गोवारींचा मोर्चा नागपुरात आला. पोलिसांचा लाठीमार आणि चेंगराचेंगरी यांत ११४ माणसं गेली. त्यांत बायका आणि लेकरं बरीच. माधुरी पाटील निकालाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत जे लिहिलं आहे तेच वाचायचं, न्यायालयाने त्यात भर घालायची नाही, हे त्यामागचं तत्त्व. गोवारी खरोखर कोण, यावर अभ्यासकांत मतभेद असू शकतात. मला यात दिसतं ते एवढंच की दोन शब्दांच्या नावाचा अर्थ लावायला राज्याला दशकं लागली, आणि तो अर्थ विचारायला आलेली माणसं सीताबर्डीत मेली. तिथल्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे.

‘यादी जशी आहे तशीच वाचा’ हे तत्त्व २८ नोव्हेंबर २००० रोजीच्या मिलिंद निकालाने पक्कं केलं. हलबा-कोष्टींचा तो खटला. त्या निकालाचा एक भाग मात्र लोक विसरतात. दावा फेटाळतानाच न्यायालयाने त्या विद्यार्थ्याची डॉक्टरकीची पदवी काढून घेतली नाही. शिकून झालेला डॉक्टर परत घरी बसवून कोणाचंच भलं होणार नव्हतं. पुढे या सवलतीचा आधार घेऊन कित्येकांनी नोकऱ्या टिकवल्या. ६ जुलै २०१७ रोजी बहिरा खटल्यात न्यायालयाने ती वाट बंद केली : दावा खोटा ठरला की लाभ गेला. २१ डिसेंबर २०१९ रोजी महाराष्ट्राने अशा कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर हलवण्याचा निर्णय घेतला. साडेबारा हजार पदांचा आकडा आदिवासींच्या सभांतून तेव्हापासून सतत ऐकू येतो. त्या जागा खऱ्या उमेदवारांनी भरल्या जाव्यात ही मागणी रास्तच आहे. पण त्या भरायलाही वैधता प्रमाणपत्र लागतंच, आणि ते मिळवताना पुन्हा तो पोडावरचा मुलगा रांगेत मागे राहतो.

*

झरी जामणीबद्दल लिहिताना आणखी एका गोष्टीला बगल देता येत नाही. या तालुक्याचं नाव राज्यभर गेलं ते कुमारी मातांमुळे. बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी यांनी कोलाम-गोंड मुलींना फसवलं आणि सोडून दिलं. वर्तमानपत्रांनी छापलं, समित्या आल्या, गेल्या. आता त्या लेकरांपैकी कित्येक मोठी झाली आहेत.

पडताळणीचा सगळा डोलारा बापाच्या बाजूच्या वंशावळीवर उभा आहे. बाप, आजा, चुलता, पणजा. ज्या मुलाच्या दाखल्यावर बापाच्या नावाची जागाच रिकामी आहे, त्याने वंशावळ कुठून सुरू करायची? पोडाने त्याला आपलं मानलेलं असतं. तो कोलामी बोलतो, आईच्या भावाच्या घरी वाढतो. पोडाच्या नाईकाला विचारा, तो कोण ते सांगेल. अर्जाचा नमुना नाईकाला विचारत नाही.

१८ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई नायका या गुजरातच्या खटल्यात एक गोष्ट मोकळी केली. आई आदिवासी आणि बाप तसा नसेल, तर मूल बापाच्या जातीचं असं धरलं जातं, पण ते धरणं अखेरचं नाही. आईच्या समाजात वाढलो, त्याच समाजाने आपलं मानलं, त्याच समाजाचे हाल भोगले, हे दाखवता आलं तर मूल आईच्या जमातीचं ठरू शकतं. म्हणजे रक्ताबरोबर वाढणंही पुरावा ठरलं. पोडावरच्या आईपर्यंत हा निकाल पोचवायचा कोणी, हा प्रश्न उरतोच. मी ज्या दोघी-तिघींना तो सांगितला, त्यांनी आधी विचारलं, “कोर्टात जा लागते का?” मी हो-नाही करत राहिलो.

*

मग चूक दुरुस्त होते ती कशाने?

इतकी वर्षं हे कागद पाहून माझं एक मत झालं आहे. अधिक कडक चाचणीने ती होत नाही. प्रत्येक वेळी खोट्याला रोखायला चाचणी कडक झाली आणि प्रत्येक वेळी आधी खरा अडला, कारण खोट्याची तयारी जास्त असते. दुरुस्ती झाली ती एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध करायला न लावल्याने.

२०१० साली अपूर्वा निचळे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने साधी गोष्ट सांगितली : रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर त्याच घरातल्या दुसऱ्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लावू नका, त्या निर्णयात फसवणूक झाली असेल तेवढं पाहा. २०११ साली आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे. काळ बदलला, माणसं स्थलांतरित झाली, चालीरीती पातळ झाल्या. आणि २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या खटल्यात हे दोन्ही मुद्दे पक्के केले : प्रत्येक अर्ज दक्षता पथकाकडे पाठवायलाच हवा असं नाही, चाचणी हा निर्णायक पुरावा नाही, आणि बापाला किंवा रक्ताच्या नात्यातल्याला नीट चौकशीने मिळालेली वैधता मोलाची आहे.

हे निकाल वाचताना मला ३६व्या कलमाचं ते स्पष्टीकरण आठवलं. दोन्हींत एकच शहाणपण आहे. यादी पुरती बरोबर होईपर्यंत, चाचणी अचूक होईपर्यंत वाट पाहायची नाही. ज्याचं नुकसान होतंय त्याला हाताशी असलेल्या साधनाने आधी आत घ्यायचं. खोट्याला नंतरही काढता येतं, आणि बहिरा निकालाने तो मार्ग पुरेसा कडक केला आहे. खऱ्याचं गेलेलं वर्ष मात्र परत येत नाही. १९५० ते १९७७ या काळातल्या दारव्हा-पुसदच्या पोरांचं आलं नाही.

त्या मुलाच्या अर्जाचं पुढे काय झालं ते सांगतो. पंधरा दिवस आम्ही वंशावळ लिहीत बसलो. आजोबाला आडनावं पाठ नव्हती, पण कोणाचं लग्न कोणत्या पोडावर झालं ते सगळं पाठ होतं. त्या लग्नांवरून माणसं शोधत गेलो तेव्हा कळलं की आजोबाच्या सख्ख्या चुलतभावाचा नातू मास्तर आहे आणि त्याला वैधता मिळालेली आहे. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. वैधता म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मास्तरने झेरॉक्स दिली, प्रतिज्ञापत्र दिलं. अर्ज पुन्हा गेला. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्या वर्षीचे प्रवेश संपले होते, म्हणून तो पुढच्या वर्षी गेला.

कागद हातात आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती मला बरी वाटली. त्याने त्याच्या पंधरा झेरॉक्स काढल्या. एक स्वतःजवळ ठेवली आणि बाकीच्या पोडावर घरोघर वाटल्या. आजोबाने आपली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि आढ्याला बांधून टाकली.